खाली डबा, वर भाव

(विनोद सर्वांनाच आवडतो. पण आयत्या वेळी सुचणारा विनोद कसा तयार होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत पाठात लेखिकेने तमाशातील बतावणीपासून टीव्हीवरील विनोदी कार्यक्रमापर्यंत या कलेची ओळख करून दिली आहे. असे कार्यक्रम पुन्हा एकदा लक्षपूर्वक का पाहावेत, हेही तिने सांगितले आहे.)

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी आमचे खापा गाव आहे. आमच्या घरात उर्दू बोलली जाते. माझ्या अम्मीला मराठी वाचता येत नाही. पण टीव्हीवर 'चला हवा येऊ द्या' लागले, की ती हातातले काम बाजूला ठेवून बसे. भाऊ कदम यांनी तोंड उघडण्याआधीच, त्यांचा चेहरा पाहूनच ती हसू लागे. मग मला विचारी, "आता काय म्हणाला तो?" मी अर्थ सांगेपर्यंत पुढचा विनोद येऊन जाई.

तुमच्याही घरी असे घडत असेल. आपण हसतो आणि विसरून जातो. पण मी तुम्हांला एक गोष्ट सुचवणार आहे. असा कार्यक्रम पुन्हा एकदा पाहा. हसण्यासाठी तर पाहाच, पण शिकण्यासाठीही पाहा. यात शिकण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. तेच आज समजून घेऊ.

आधी एक शब्द पाहू. मराठीत 'हजरजबाबी' असा शब्द आहे. तुम्हांला तो ओळखीचा वाटला ना? तुमच्या उर्दूतील 'हाजिरजवाब'चेच हे मराठी रूप आहे. ज्याचे उत्तर जिभेवर हजर असते, तो हजरजबाबी. पूर्वतयारी न करता, त्या क्षणी सुचलेले बोलणे म्हणजे उत्स्फूर्त बोलणे. उर्दूत त्याला आपण 'फिलबदीह' म्हणतो. 'तमाशा' हा शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आला आहे, आणि 'शाहीर' हा शब्द 'शायर'वरून. पेशवाईच्या उत्तरकाळातील प्रसिद्ध शाहीर सगनभाऊ हे मुसलमान होते आणि जातीने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे होते. त्यांच्या मराठी लावण्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या. तेव्हा ही कला तुम्हांला परकी नाही.

महाराष्ट्रातील उत्स्फूर्त विनोदाचे जुने घर म्हणजे तमाशा. पारंपरिक तमाशाची सुरुवात गणाने होते. गण म्हणजे गणपतीचे स्तवन. त्यानंतर गौळण येते. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात. त्यांच्याबरोबर एक मावशी असते, आणि कृष्ण व पेंद्या त्यांची वाट अडवतात. त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. वग म्हणजे कथानक असलेले नाट्य. पूर्वी वगाची संहिता लिहिलेली नसे. फडाचा प्रमुख सर्वांना गोष्ट सांगे आणि कोणी राजा व्हायचे, कोणी प्रधान व्हायचे, हे ठरवी. पुढचे संवाद ज्याने त्याने रंगमंचावरच रचायचे!

बतावणी म्हणजे दोघांमधील गमतीदार संवाद. एक शहाणा असतो. दुसरा असतो सोंगाड्या. सोंगाड्या वेड्याचे सोंग घेतो, पण खरा शहाणा तोच असतो. शहाण्याने एका अर्थाने वापरलेला शब्द तो दुसऱ्याच अर्थाने घेतो. नमुना म्हणून हा छोटासा संवाद वाचा.

"काय रे, कुठे निघालास?"

"पायांनी निघालो."

"तसे नव्हे. कोणत्या गावाला निघालास?"

"मी तर रस्त्याला निघालो. गाव आले म्हणजे पाहू."

"अरे, पण तुझे गाव कोणते?"

"जिथे उधारी मिळते ते!"

यात अवघड शब्द एकही नाही. मग हसू का आले? कारण सोंगाड्याने समोरच्याचे प्रत्येक वाक्य नीट ऐकले. 'कुठे' हा शब्द ऐकला आणि मुद्दाम त्याचा अर्थ चुकवला. ज्याला नीट ऐकता येत नाही, त्याला असा अर्थ चुकवताही येत नाही.

सोंगाड्याला आणखी एक मोठी मोकळीक होती. तो राजालाही बोलू शकत असे. गावात पाणी नाही, रस्ता खचला आहे, सावकार फार व्याज घेतो, या गोष्टी सरळ सांगणे लोकांना अवघड होते. सोंगाड्या त्या हसत हसत सांगे. समोर बसलेल्या पाटलालाही मग हसावे लागे. दुबळ्याच्या मनातली गोष्ट बलवानाच्या कानापर्यंत पोहोचवण्याचे काम हा विनोद करी.

आपल्या विदर्भातही अशी कला आहे. तिचे नाव 'खडी गंमत'. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत ती विशेष लोकप्रिय आहे. कलावंत उभे राहून, म्हणजे खडे राहून ती सादर करतात, म्हणून ती खडी गंमत. त्यात शाहीर असतो, ढोलकी असते. पूर्वी स्त्रीची भूमिकाही पुरुषच करी. त्याला 'नाच्या' म्हणत. गाणे थांबले, की विनोदी संवाद सुरू होतात. ते पुस्तकी मराठीत नसतात. आपल्या बाजारात, शेतात, चहाच्या टपरीवर जी बोली ऐकू येते, तिच्यातच ते असतात. ज्या गावात कार्यक्रम असेल, त्या गावातील गोष्टी कलावंत सहज त्यात गुंफतात. त्यामुळे प्रेक्षकांना वाटते, की हे आपल्याविषयीच चालले आहे.

पुढे ही कला शहरातील नाट्यगृहांत गेली. १९६५ साली वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य रंगभूमीवर आले. त्यात दादा कोंडके हवालदाराची भूमिका करत. हे लोकनाट्य लिहिलेले होते. पण दादा लिहिलेल्या वाक्यांवर थांबत नसत. ताज्या घडामोडींवर ते आयत्या वेळी बोलत. म्हणून तेच लोकनाट्य लोक पुन्हा पुन्हा पाहायला जात. कालचा प्रयोग आणि आजचा प्रयोग तंतोतंत सारखा नसे.

आता टीव्हीकडे येऊ. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ साली झी मराठी वाहिनीवर सुरू झाला. २०२४ सालापर्यंत तो चालला आणि २०२५ साली नव्या रूपात परत आला. पहिल्या पर्वांत निलेश साबळे यांनी तो लिहिला, बसवला आणि त्याचे सूत्रसंचालनही केले. ते शिक्षणाने डॉक्टर आहेत. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे आणि भारत गणेशपुरे हे त्यांतील प्रमुख कलावंत. कार्यक्रमातील काल्पनिक गावाचे नाव होते थुकरटवाडी. या गावात नाटक-चित्रपटांतील पाहुणे येत आणि गावकरी त्यांची फिरकी घेत. भारत गणेशपुरे हे मूळचे अमरावती जिल्ह्याचे. त्यांची वऱ्हाडी बोली त्या काळात महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचली. ज्या बोलीला एरवी लोक 'अशुद्ध' म्हणून नाक मुरडतात, तीच बोली ऐकण्यासाठी लोक टीव्हीसमोर बसू लागले. ही काही लहानसहान गोष्ट नाही.

हा कार्यक्रम संपूर्णपणे उत्स्फूर्त होता का? नाही. त्यातील प्रसंग आधी लिहिलेले असत आणि त्यांची तालीम होत असे. पण तुम्ही बैतबाजीत भाग घेतला असेल, तर ही गोष्ट तुम्हांला लगेच समजेल. बैतबाजीत शेर आधीच पाठ केलेले असतात. तरीही समोरच्याच्या शेराचे शेवटचे अक्षर कोणते येईल, हे कुणालाच ठाऊक नसते. कोणता शेर केव्हा म्हणायचा, हे त्याच क्षणी ठरते. येथेही तसेच. मूळ प्रसंग लिहिलेला असतो, पण टोपी खाली पडली, पाहुणा अनपेक्षित बोलला, जोडीदार वाक्य विसरला, की लिहिलेला कागद कामाचा राहत नाही. तेथून पुढे कलावंताची खरी परीक्षा सुरू होते.

संपूर्णपणे उत्स्फूर्त असे कार्यक्रमही जगात झाले आहेत. 'हूज लाइन इज इट एनीवे?' हा असाच एक कार्यक्रम. तो इंग्लंडमध्ये १९८८ ते १९९९ या काळात टीव्हीवर होता. १९९८ सालापासून त्याची अमेरिकन आवृत्ती सुरू झाली. त्यात कलावंतांना विषय तिथल्या तिथे दिला जाई, आणि लगेच त्यांनी प्रसंग उभा करायचा. सूत्रसंचालक त्यांना गुण देई. पण गंमत अशी, की त्या गुणांना काहीच किंमत नव्हती, आणि तसे तो स्वतःच सांगे!

या कलेच्या पायाशी एका शिक्षिकेचे काम आहे. त्यांचे नाव व्हायोला स्पोलिन. १९३९ च्या सुमारास त्या अमेरिकेतील शिकागो शहरात मुलांना व मोठ्यांना नाटक शिकवत होत्या. त्यांतील अनेक कुटुंबे परदेशांतून आलेली होती. त्यांची घरची भाषा वेगळी आणि बाहेरची भाषा वेगळी होती. व्याख्याने देऊन या मुलांचा संकोच जाणार नाही, हे व्हायोलाबाईंनी ओळखले. म्हणून त्यांनी अभिनयाचे खेळ तयार केले. खेळता खेळता मुले बोलू लागली. १९५९ साली त्यांचा मुलगा पॉल सिल्स आणि त्याचे सहकारी यांनी शिकागोत 'सेकंड सिटी' ही नाट्यसंस्था सुरू केली. व्हायोलाबाईंचे खेळ तेथील कलावंतांना फार उपयोगी पडले.

अशा कलावंतांचा एक नियम प्रसिद्ध आहे. तो म्हणजे 'हो, आणि'. जोडीदार काही म्हणाला, तर 'नाही' म्हणून त्याचे बोलणे तोडायचे नाही. आधी मनात 'हो' म्हणायचे आणि मग त्यात आपली भर घालायची. जोडीदार म्हणाला, "पाहा, बाहेर केवढा पूर आला आहे!" तर "कुठे आहे पूर?" असे म्हणायचे नाही. म्हणायचे, "हो, आणि आपली म्हैस मजेत पोहते आहे!" झाली गोष्ट सुरू.

व्हायोलाबाईंची हकिकत वाचली, तेव्हा मला माझा वर्ग आठवला. मुलांनो, आता माझी एक चूक सांगते.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे मराठी अक्षर सुंदर होते. वहीत ती उत्तरे अचूक लिही. पण तोंडी प्रश्न विचारला, की बाकाकडे पाहत उभी राही. मला वाटे, ही लाजाळू आहे. खरे कारण वेगळे होते. कुणी मराठीत चुकले, की मी त्याला वाक्य पुरे करू देत नसे. 'तो खुर्ची नव्हे, ती खुर्ची' असे लगेच म्हणत असे. तिने दोन-तीनदा बोलण्याचा प्रयत्न केला होता आणि प्रत्येक वेळी मी तिला मध्येच थांबवले होते. शेवटी ती बोलायचीच थांबली.

एकदा आम्ही वर्गात बतावणी करायचे ठरवले. ती दुकानदारीण झाली. तिची मैत्रीण झाली गिऱ्हाईक. मैत्रिणीने विचारले, "मावशी, तेल आहे का?" तिला सांगायचे होते, की डबा रिकामा आहे. पण 'रिकामा' हा शब्द आठवेना. ती उर्दूच्या सवयीने म्हणून गेली, "डबा खाली आहे."

चूक सुधारण्यासाठी मी तोंड उघडले. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीने वाकून टेबलाखाली पाहिले आणि म्हणाली, "मावशी, खाली तर काहीच दिसत नाही!"

वर्ग खो खो हसला. त्या मुलीचा चेहरा लाल झाला. ती आता रडणार, असे मला वाटले. क्षणभर ती गप्प राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खाली आहे म्हणूनच तर दिसत नाही!"

"मग वर काय आहे?" मैत्रिणीने विचारले.

"वर भाव आहे!"

वर्ग पुन्हा हसला. पण आधीचे हसणे आणि हे हसणे यांत फार फरक होता. आधी वर्ग तिला हसला होता. आता वर्ग तिच्याबरोबर हसत होता. मी माझे उघडलेले तोंड मिटले. त्या दिवशी मी 'रिकामा' हा शब्द शिकवला, पण बतावणी संपल्यावर. तो तिच्या कायमचा लक्षात राहिला.

त्या मैत्रिणीने काय केले, हे ध्यानात घ्या. तिने चूक दाखवली नाही. तिने 'हो' म्हटले आणि टेबलाखाली पाहिले. तिच्यामुळे चुकलेला शब्द खेळातला शब्द झाला. कलावंत दूरदर्शनवरचा असो की सातवीतला, हजरजबाबीपणाचे मूळ इथेच असते. तो भराभर बोलण्यात नसतो. जोडीदाराला पडू न देण्यात असतो.

म्हणून म्हणते, तुमचा आवडता विनोदी कार्यक्रम पुन्हा पाहा. टीव्हीवर जुने भाग पुन्हा दाखवतात. मोबाइलवरही ते मिळतात. दादा कोंडके यांचा प्रयोग रोज थोडा बदलत असे. टीव्हीवरचा भाग मात्र बदलत नाही. म्हणून आपली पाहण्याची रीत बदलायची.

पहिल्यांदा पाहाल, तेव्हा पोटभर हसा. दुसऱ्यांदा पाहताना बोलणाऱ्याकडे पाहू नका. जो गप्प आहे, त्याच्याकडे पाहा. तो कसा ऐकतो आहे, जोडीदाराच्या विनोदाला जागा मिळावी म्हणून कसा थांबला आहे, हे पाहा. कधी कधी त्यालाच हसू आवरत नाही आणि तो तोंड फिरवतो. तेव्हा समजा, की ते वाक्य बहुधा तालमीत नव्हते! तिसऱ्यांदा पाहताना वही जवळ ठेवा. ज्या शब्दाचे दोन अर्थ झाले, तो शब्द लिहून घ्या. अशा दहा शब्दांनी तुमचे मराठी जेवढे वाढेल, तेवढे पाठांतराने वाढणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. हा विनोद कुणाला लागला? कोणत्याही विनोदी कार्यक्रमातील सगळेच विनोद चांगले नसतात. कुणाचा रंग, कुणाचे जाडेपण, कुणाची गरिबी यांवर हसवणे सोपे असते. पण ज्याच्यावर आपण हसलो, त्याला घरी बसून तोच कार्यक्रम पाहताना काय वाटले असेल? चांगला सोंगाड्या आधी स्वतःवर हसतो, नाहीतर आपल्याहून बलवान असलेल्यावर. दुबळ्यावर तो हसत नाही.

हसण्याला गंभीर बाजूही असते. 'चला हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन येत आणि एक पत्र वाचत. ही पत्रे अरविंद जगताप लिहीत. शेतकरी, सैनिक, आईबाप यांच्या मनातल्या गोष्टी त्या पत्रांत असत. नुकतेच हसून दमलेले लोक ते पत्र ऐकताना डोळे पुसत. ज्यांच्याबरोबर आपण मनापासून हसतो, त्यांचे दुःखही आपण मनापासून ऐकतो. अम्मी त्या वेळी मला अर्थ विचारत नसे. तिला तो समजलेला असे.

आता आमच्या वर्गात दर शनिवारी बतावणी असते. तिला गुण नाहीत. चूक झाली, तर ती मी फळ्यावर शेवटी लिहिते. मध्ये कुणाला थांबवत नाही. बोलता बोलता कुणी अडखळले, की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणते, "खाली डबा!" आणि सगळा वर्ग पुरे करतो, "वर भाव!" अडखळलेला हसतो आणि पुढे बोलू लागतो.

शब्दार्थ

आयत्या वेळी – ऐन वेळी, पूर्वतयारीशिवाय
बतावणी – तमाशातील दोघांचा विनोदी संवाद
सोंगाड्या – तमाशातील विनोदी नट
वग – तमाशातील कथानक असलेले नाट्य
फड – तमाशा कलावंतांचा संच
संहिता – नाटकाचा लिहिलेला मजकूर
फिरकी घेणे – थट्टा करणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तमाशाची सुरुवात कशाने होते?
(आ) 'खडी गंमत' हे नाव कसे पडले?
(इ) व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी काय तयार केले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बैतबाजी आणि विनोदी कार्यक्रम यांत लेखिकेला कोणते साम्य दिसते?
(आ) 'वर्ग तिला हसला' आणि 'वर्ग तिच्याबरोबर हसला' यांतील फरक स्पष्ट करा.
(इ) लेखिकेने स्वतःची कोणती चूक सांगितली आहे? ती तिने कशी सुधारली?

३. 'नाव', 'साल', 'कल', 'खाली' या शब्दांचे मराठीत आणि उर्दूत कोणते अर्थ होतात, ते लिहा. त्यांपैकी एक शब्द घेऊन जोडीदारासह आठ ओळींची बतावणी तयार करा आणि वर्गात सादर करा.

४. तुमच्या आवडत्या विनोदी कार्यक्रमाचा एक भाग पुन्हा पाहा. त्यात गप्प असलेल्या कलावंताने काय काय केले, ते पाच वाक्यांत लिहा.